‘प्रभाव पडला’ म्हणजे नेमकं काय झालं?

‘गांधीजींचा अमेरिकेतल्या नागरी हक्क चळवळीवर प्रभाव पडला.’ हे वाक्य तुम्ही शाळेपासून वाचत आलात. मी सायन्समधून आलेली, त्यामुळे मला लगेच प्रश्न पडतो: पडला, पण कोणामार्फत? विचार काही वाऱ्यावर उडत जात नाही. कुणीतरी तो घेऊन जातं.

असे एक घेऊन जाणारे म्हणजे मेथडिस्ट पाळक जेम्स लॉसन (१९२८–२०२४). १९५३ मध्ये ते मिशनरी म्हणून नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात आले आणि तीन वर्षं राहिले. गांधीजी जाऊन पाच वर्षं झाली होती, पण सत्याग्रहात भाग घेतलेली माणसं हयात होती. माँटगोमेरीच्या बस बहिष्काराची बातमी लॉसन यांनी नागपुरातच पेपरात वाचली.

मग ‘नागपुरात येऊन ते अहिंसावादी झाले’ असं लिहून टाकायचं? थांबा, आधी तारखा लावून बघा. कोरियन युद्धाच्या काळात सक्तीची सैन्यभरती नाकारल्याबद्दल त्यांना १९५१ मध्येच शिक्षा झाली होती आणि वर्षभराहून जास्त काळ ते तुरुंगात होते. म्हणजे अहिंसेवरचा विश्वास नागपूरच्या आधीचा. मग भारतातून त्यांनी नेलं काय? माझं उत्तर: ती शिस्त शिकवता येते, ही खात्री.

याचा पुरावा नॅशव्हिलमध्ये सापडतो. १९५७ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग भेटले आणि ‘दक्षिणेत या’ म्हणाले. लॉसन १९५८ मध्ये नॅशव्हिलला गेले, व्हँडरबिल्ट विद्यापीठात धर्मशास्त्र शिकू लागले आणि चर्चमध्ये विद्यार्थ्यांच्या कार्यशाळा घेऊ लागले. तिथे चक्क तालीम चालायची. एकाने शिव्या द्यायच्या, ढकलायचं. दुसऱ्याने हात न उचलता बसून राहायचं. पुन्हा पुन्हा. जॉन लुईस, डायन नॅश हे तिथलेच विद्यार्थी. फेब्रुवारी १९६० मध्ये ही मुलं गोऱ्यांसाठी राखीव असलेल्या उपाहारगृहांत जाऊन बसली. मार्चमध्ये विद्यापीठाने लॉसन यांना काढून टाकलं. मे महिन्यात तिथली काही उपाहारगृहं सगळ्यांसाठी खुली झाली.

पुढे ते मेम्फिसमध्ये पाळक होते. १९६८ च्या सफाई कामगारांच्या संपात किंग यांना तिथे त्यांनीच बोलावलं. १९७४ ते १९९९ लॉस एंजेलिसच्या हॉलमन चर्चची सेवा करून ते निवृत्त झाले. निवृत्तीनंतरही शिकवणं सुटलं नाही. २००६ मध्ये ते अभ्यागत प्राध्यापक म्हणून व्हँडरबिल्टमध्येच परत गेले! पाळक कुठला आणि शिक्षक कुठला, हे त्यांच्या बाबतीत वेगळं काढताच येत नाही.

आता तुमच्या प्रपोजलकडे वळा. जिथे ‘प्रभाव’ लिहिलंय, तिथे तीन गोष्टी विचारा. कोणी नेलं? त्या माणसाकडे आधीपासून काय होतं? आणि पोचल्यावर त्याचं काय रूप झालं? उत्तरं मिळाली तर ‘प्रभाव’ हा शब्द लागणारच नाही. नाही मिळाली, तर तुमचा संशोधनाचा प्रश्न तिथेच आहे.