परदेशी शिक्षणाची हमी कोण घेणार?

इंदापुरात जुम्याच्या नमाजनंतर एका ओळखीच्या गृहस्थांनी मला मशिदीच्या पायरीवर थांबवले. "भाई, एवढं ऑफर लेटर वाचून द्या. पोरगं परदेशी शिकायला निघालंय." कागदावर फी, मुदत आणि बँक खाते ठळक अक्षरात होते. पदवीला मान्यता कोणाची, शिकवणार कोण, याबद्दल एक ओळही नव्हती. एजंटाने सांगितले होते, "युनिव्हर्सिटी फॉरेनची आहे, काळजी करू नका." कर्जासाठी दोन एकर उसाचे रान तारण ठेवायचे चालले होते.

मला सुपे आठवले. बारामती तालुक्यातले हे गाव आपल्याला शाहमन्सूर दर्ग्यामुळे माहीत आहे. इतिहासात त्याची नोंद झाली ती 12 मे 1875 या दिवसामुळे. बाजाराच्या त्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांकडचे कर्जरोखे आणि हिशेबाच्या वह्या जाळल्या. त्या रोख्यांवर अंगठे उठवणाऱ्या बहुतेकांना ते वाचता येत नव्हते. आज मुलगा इंजिनिअर असतो, कागद इंग्रजीत असतो, पण सही अजूनही भरवशावरच होते.

इल्मसाठी परमुलखात जाणे मुसलमानांना नवे नाही. हमी कोणाची, हा प्रश्नही तितकाच जुना आहे. पूर्वी त्याचे उत्तर होते इजाजा. अमुक विद्यार्थ्याने अमुक किताब माझ्यापाशी वाचली, ती पुढे शिकवायची परवानगी मी देतो, असे उस्ताद स्वतःच्या नावाने लिहून देत. ते ज्ञान त्यांच्यापर्यंत कोणाकडून आले, ती साखळीही सांगितली जाई. म्हणजे मदरशाच्या नावापेक्षा माणसाच्या नावाला वजन होते. आपल्या दख्खनमध्ये बहमनी वजीर महमूद गवानने 1472 मध्ये बिदरला मदरसा बांधला, तेव्हा उस्ताद आणि विद्यार्थी यांच्या राहण्याची सोय त्याच इमारतीत केली. गवान स्वतः इराणमधल्या गिलानचा. परदेशी विद्वान आणायचे तर आधी त्यांची आणि शागिर्दांची व्यवस्था हवी, हे त्याला कळत होते.

या पद्धतीतही खोट शिरली. वृद्ध आलिमांशी साखळी जुळावी म्हणून अजाण लेकरांच्या नावानेही इजाजे घेतले गेले. शिकण्यापेक्षा नाव मोठे झाले की दाखल्याची किंमत उतरते. हे तेव्हाही झाले.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या कोकणाशी नाते असलेली एक मुलगी लंडनला गेली. अतिया फैजी ही जंजिऱ्याच्या नवाबाची मेहुणी. 1906 मध्ये सरकारी शिष्यवृत्तीवर ती मारिया ग्रे ट्रेनिंग कॉलेजात शिक्षिकेचे प्रशिक्षण घ्यायला गेली. प्रकृतीमुळे ते पूर्ण न करताच 1907 मध्ये परतली. तिची उर्दू रोजनिशी मात्र लाहोरच्या 'तहजीब-ए-निस्वाँ'मध्ये छापून आली आणि घराबाहेर न पडलेल्या बायकांनीही लंडन वाचले. प्रमाणपत्राच्या हिशेबात हा प्रवास फसला. इल्म वाटण्याच्या हिशेबात तो फसला असे कोण म्हणेल?

त्याच 1907 मध्ये ब्रिटिश सरकारने इंग्लंडमधल्या हिंदी विद्यार्थ्यांची चौकशी करण्यासाठी ली-वॉर्नर समिती नेमली. त्यातून 1909 मध्ये शैक्षणिक सल्लागाराचे पद आले आणि त्यावर टी. डब्ल्यू. अर्नोल्ड बसले. हे अलीगढचे माजी प्राध्यापक आणि लाहोरला इकबालांचे उस्ताद. प्रवेश आणि राहण्याची जागा यांबाबत विद्यार्थ्यांना मदत करणे हे त्यांच्या कचेरीचे काम. पण राजकीय संशयाच्या त्या दिवसांत अनेक विद्यार्थ्यांना ती पाळत ठेवणारी कचेरी वाटली. समितीचा अहवालही कित्येक वर्षे गुप्त राहिला. ज्याच्यासाठी व्यवस्था, त्याचाच विश्वास नसेल तर देखरेख कामाला येत नाही.

सर्वांत मोठा धडा बाबासाहेबांचा आहे. 4 जून 1913 रोजी बडोदा संस्थानाशी करार झाला: तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड, बदल्यात दहा वर्षे संस्थानाची नोकरी. कोलंबिया विद्यापीठ उत्तम होते, विद्यार्थी असामान्य होता, सयाजीरावांची नियतही साफ होती. 1917 मध्ये ते नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्याच बडोद्यात त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी सरायीतून त्यांना हाकलले गेले. करारात परतीची तारीख होती, परतणाऱ्याच्या इज्जतीची तरतूद नव्हती. लंडन विद्यापीठाने मात्र अर्धवट अभ्यास पूर्ण करायला चार वर्षांची सवलत दिली होती. म्हणून 1920 मध्ये ते पुन्हा जाऊ शकले.

यावरून मला एवढेच कळते की परदेशी शिक्षणाचा दर्जा नुसत्या विद्यापीठाच्या क्रमांकावर ठरत नाही. जाण्याआधी कोण सांगतो, तिथे कोण विचारतो आणि परतल्यावर कोण जागा देतो, यावरही तो ठरतो. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात भारत-डच सहकार्याचे भाजीपाला गुणवत्ता केंद्र आहे. तिथले तंत्र चांगले की वाईट, हे शेतकऱ्याच्या रानात एका हंगामात कळते. विद्यार्थ्याची फसगत कळायला दोन-तीन वर्षे जातात, आणि तोवर जमीन गेलेली असते.

अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणासाठीच्या कर्जाचे व्याज भरणारी केंद्राची 'पढो परदेश' योजना 2022-23 पासून बंद झाली. ती पुन्हा मागायलाच हवी. पण काही कामाला सरकार लागत नाही. बारामती-इंदापूरच्या जमातींनी परदेशी शिकून आलेल्यांची एक वही ठेवावी, ज्यांना निघालेला मुलगा बेधडक फोन करू शकेल. आजची इजाजा तीच.

त्या गृहस्थांच्या कागदामागे मी चार प्रश्न लिहून दिले. पदवीला मान्यता कोणाची? शिकवणारे कोण? मागच्या वर्षी गेलेल्या दोन मुलांचे नंबर मिळतील का? मध्येच परतावे लागले तर फीचे काय? परवा ते पुन्हा भेटले. एजंट म्हणतो, असे प्रश्न कोणी विचारत नाही. जमिनीचे कागद अजून त्यांच्या घरातच आहेत.