खोटी हाक, खोटे हरीण

मारीचाची गोष्ट आपण वर्गात कितीदा सांगतो! सोन्याचे हरीण दिसते, राम त्याच्यामागे लांब जातो आणि मग रामाच्याच आवाजात लक्ष्मणाला हाक ऐकू येते. राक्षस आणि मायावी विद्या क्षणभर बाजूला ठेवू. मग उरते काय? एक डोळ्यांना दिसणारे आमिष आणि एक कानांना ऐकू येणारे आमिष. शिकाऱ्यांनी हजारो वर्षे वापरलेल्या दोन्ही युक्त्या या एका गोष्टीत आल्या आहेत. फरक इतकाच, की इथे सावज माणूस आहे.

आज या दोन्ही युक्त्या एकत्र पाहायच्या तर अमेरिकेत जावे लागेल. तिथे कायोटी नावाचा आपल्या कोल्ह्याचा भाऊबंद आहे. त्याच्या शिकारीसाठी झुडपात एक लहानसा ध्वनिवर्धक ठेवतात. त्यातून जखमी सशाचे ओरडणे ऐकू येते. शेजारी काठीवर केसाळ शेपटीसारखे काहीतरी विजेरीच्या मोटारीने हलत असते. शिकारी दूर बसून हातातल्या यंत्राने दोन्ही चालू-बंद करतो. कायोटी आवाजाच्या रोखाने येतो, हलणाऱ्या शेपटीवर त्याची नजर खिळते आणि माणसाकडे त्याचे लक्ष जात नाही. यंत्र नवे आहे, कल्पना जुनी. नेवाडा राज्यातल्या लव्हलॉक गुहेत १९२४ साली गवताची विणलेली बदके सापडली. त्यांवर खरी पिसे लावलेली होती. ती सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची आहेत.

आपल्याकडचा पुरावा तरी कुठे नवा आहे? जातककथांमध्ये तित्तिर जातक म्हणून एक कथा आहे. पारध्याने पाळलेला एक तित्तर ओरडतो, त्याच्या आवाजाने रानातले तित्तर येतात आणि पकडले जातात. बिचाऱ्याला प्रश्न पडतो, की हे पाप माझे की पारध्याचे? तो एका तपस्व्याला तसे विचारतो. आम्हाला या कथेत नीतीपेक्षा तंत्राचीच गंमत अधिक वाटते. कथा ऐकणाऱ्यांना पाळीव तित्तराने रानातला तित्तर बोलावणे ही गोष्ट इतकी परिचयाची होती, की ती समजावून सांगावी लागली नाही.

पुढे बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. सातारा-सांगलीचा मुलूख तेव्हा चालुक्यांच्या सत्तेखाली होता. या ग्रंथात राजाच्या करमणुकीच्या प्रकारांत मृगयेचे पुष्कळ प्रकार दिले आहेत. शिकवलेले हरीण पुढे करून रानातली हरणे जवळ आणण्याची युक्ती त्यांत आहे. अकबराच्या दरबारातल्या अबुल फज़लने 'आईन-इ-अकबरी'त तर तिची पद्धतच लिहून ठेवली आहे. पाळीव काळविटाच्या शिंगांना फास अडकवून त्याला मोकळे सोडायचे. रानातला नर त्याला हुसकायला येतो, शिंगे शिंगांत अडकतात आणि फास आवळला जातो.

इथे थांबून विचारू या, की रानातला नर येतोच का? भुकेसाठी नाही, तर आपल्या हद्दीत दुसरा नर आला म्हणून. तित्तराचेही तेच. सकाळ-संध्याकाळ माळावर तित्तरांची जोडी ओरडते, ती 'ही जागा आमची' असे सांगत असते. पिंजऱ्यातला तित्तर ओरडला, की जागेचा मालक तावातावाने त्याच्या अंगावर धावतो, आणि पिंजऱ्याभोवती मांडलेल्या फाशांत त्याचा पाय सापडतो. कायोटीला बोलावते ती भूक. तित्तराला आणि काळविटाला बोलावते ते भांडण. बोलावण्याच्या बहुतेक युक्त्या भूक, हद्द, जोडीदार आणि पिल्लू या चारांपैकी कशावर तरी उभ्या असतात. जिम कॉर्बेटने १९३८ साली ठाकच्या नरभक्षक वाघिणीला नर वाघाचा आवाज काढून जवळ आणले, ते जोडीदाराच्या ओढीवर.

आता आपल्या माळावर येऊ. माण, खटाव, आटपाडी, जत हे सगळे तालुके एकेकाळी एकाच सातारा जिल्ह्याकडे पाहणारे. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली झाले. जिल्ह्याची रेघ पडली म्हणून माळ काही बदलला नाही. पाऊस कमी, गवत आखूड, मेंढरे घेऊन फिरणारे धनगर आणि त्यांच्या मागावर लांडगा. कोल्हा, खोकड, तरस, तित्तर, लावे हे इथले जुने रहिवासी. या माळावर फासेपारध्यांनी आपली विद्या पिढ्यान्‌पिढ्या वापरली.

नावातच त्यांचे तंत्र आहे. बंदूक नाही, फासा. आणि फाशाच्या बरोबरीने आवाज. तित्तर, लावा यांचे आवाज तोंडाने हुबेहूब काढायचे. पारध्यांच्या एका शाखेला गायपारधी म्हणतात, कारण त्यांची गाय किंवा बैल हाच त्यांचा आडोसा. शिकवलेले जनावर चरत चरत पुढे जाते आणि पारधी त्याच्या पोटाआड वाकून चालतो. माळावरच्या काळविटांना चरणारी गुरे रोजचीच असतात. भिण्यासारखे त्यांना काही दिसत नाही. शेजारच्या कोल्हापूर संस्थानात चित्त्यांकडून काळविटांची शिकार करवीत, तेव्हा चित्ता गाडीतून नेत, तोही याच हिशेबाने.

या विद्येसाठी काय काय ठाऊक असावे लागते? कुठल्या महिन्यात नर जागेसाठी भांडतो, वारा कुठून आहे, कोणत्या वेळी उत्तर येते, उत्तर आले तर पुन्हा ओरडायचे की गप्प बसायचे. फार ओरडले तर पाखरू शहाणे होते. एकदा फसून निसटलेले जनावर तोच आवाज ऐकून उलट पळते, हा अनुभव कायोटीच्या शिकाऱ्यांनाही आहे. प्राणिवर्तनाच्या पुस्तकांत हेच लिहिलेले असते, फक्त पारिभाषिक शब्दांत. इंग्लंडमध्ये डेव्हिड लॅक याने पेंढा भरलेला रॉबिन पक्षी दुसऱ्या रॉबिनच्या हद्दीत ठेवून पाहिला आणि मालकाने त्यावर हल्ला केला. लॅकचे पुस्तक १९४३ साली निघाले. पारध्याने पुस्तक लिहिले नाही.

त्याच्या वाट्याला दुसरेच कागद आले. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला आणि १९११ साली तो सुधारून साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानाला लागू केला. यादीतल्या जमातींवर हजेरी आली, सोलापुरात तारेच्या कुंपणातली वसाहत उभी राहिली. पारध्याचे मूल जन्मतःच संशयित ठरले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा गेला, संशय गेला नाही. नंतर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्यात शिकार म्हणजे फक्त मारणे नव्हे; फासा लावणे, सापळा मांडणे, हाकारणे, आमिष दाखवणे हीसुद्धा शिकारच. हा कायदा हवाच होता, असे आमचे स्पष्ट मत आहे. माळावरची काळविटे इतकी घटली होती, की सांगली जिल्ह्यातल्या सागरेश्वरला हरणे आणून सोडून अभयारण्य करावे लागले. ते १९८५ साली जाहीर झाले. पण एका कायद्याने माणूस गुन्हेगार ठरवला, दुसऱ्याने त्याचा धंदा, आणि दोन्ही वेळा त्याने आता काय करावे, हे सांगायला कोणी थांबले नाही.

ही विद्या दुसऱ्या कामाला लावता आली असती काय? आली असती, आणि काही ठिकाणी आलीही. सलीम अलींच्या काळात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने पक्ष्यांच्या पायांत कडी घालून त्यांचे स्थलांतर अभ्यासायला घेतले, तेव्हा पक्षी जिवंत आणि धडधाकट पकडायला बिहारमधल्या मीरशिकारांना बोलावले. अली हुसेन यांचे नाव पक्षिशास्त्रज्ञ आजही आदराने घेतात. कॅनडात १९५९ च्या सुमारास डग्लस पिमलॉट यांना अल्गॉनक्विन उद्यानात लांडग्यांच्या आवाजाची ध्वनिफीत वाजवल्यावर खरे लांडगे उत्तर देतात असे आढळले. पुढे कळले, की माणसाने नुसते तोंडाने विव्हळले तरी चालते. न मारता, न पकडता लांडगे मोजण्याची ती एक रीतच झाली. महाराष्ट्राच्या माळांवरच्या लांडग्यांचे आवाजही सौगत साधुखाँ, बिलाल हबीब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ध्वनिमुद्रित केले. आवाजावरून एक लांडगा दुसऱ्यापासून ओळखता येतो, असा त्यांचा निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाला. आपला लांडगा कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि मेंढपाळाचा शत्रूही आहे. तो किती आहे, हे नुसत्या ऐकण्यावरून कळण्याचा फायदा दोघांनाही आहे.

मोबाइलमधून पाखराचा आवाज वाजवून छायाचित्र काढणाऱ्या हौशी मंडळींविषयी मात्र थोडे बोललेच पाहिजे. बंदूक नाही म्हणून यात अपाय नाही, असे त्यांना वाटते. पण विणीच्या दिवसांत नर अंडी-पिल्ले सोडून त्या खोट्या शत्रूला शोधत फिरतो, थकतो. शाळेच्या सहलीत हा प्रयोग त्या दिवसांत करू नये, आणि एरवीही एकदा उत्तर आले की थांबावे.

काही वर्षांपूर्वी माण तालुक्यातल्या एका शाळेत आम्ही पक्ष्यांच्या आवाजांचा तास घेतला. ध्वनिफीत वाजवत होतो. मागच्या बाकावरचा एक मुलगा हसत होता. विचारले तर म्हणाला, "ते चितूर खोटं हाय." मग त्याने मूठ तोंडाशी धरली आणि खिडकीकडे तोंड करून ओरडला. दोन-तीन वेळा झाल्यावर बांधापलीकडून उत्तर आले. सगळा वर्ग खिडकीशी धावला. कुणी शिकवलं रे, असे आम्ही कौतुकाने विचारले. "आज्यानं," तो म्हणाला. मग वर्गशिक्षकांकडे बघत घाईघाईने पुढे म्हणाला, "आता आम्ही नाही धरत, गुरुजी."