नारळाचं ‘एफझेडओआर’ झालं तेव्हा

मे महिन्यात थीसिस सोडून मी काय करत होतो, असं विचाराल तर भाट्याला मामाच्या माडीवर ३८६ कॉम्प्युटर सुरू करत होतो. मामाने नव्वदच्या दशकात त्यात माडांचा हिशेब मराठीत ठेवला होता. कुठल्या माडाला किती नारळ लागले, खत कधी घातलं, पाडेल्याची मजुरी किती झाली, सगळं. मामा आता नाही. खाऱ्या हवेने फ्लॉप्यांना बुरशी लागलीय, ड्राइव्हही गेलाय आणि हार्डडिस्क दर वेळी जास्तच किरकिरते.

उरला मागचा सिरियल पोर्ट. नल-मोडेम केबलला तीन तारा पुरतात. पिन २ आणि ३ उलटसुलट जोडायच्या, म्हणजे एकाचं बोलणं दुसऱ्याच्या कानात जातं. पिन ५ सरळ. दुसऱ्या टोकाला माझा लॅपटॉप. डॉसमध्ये ‘मोड’ने वेग ९६०० ठेवला आणि ‘कॉपी’ दिली. फाइल आली, आकडे अगदी बरोबर. पण ‘नारळ’च्या जागी इंग्रजी अक्षरं: एफ, झेड, ओ, आर!

यात गंमत आहे, थोडं थांबा. त्या मशीनमध्ये पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड आहे. त्याची लिपी इस्की, जी १९९१ मध्ये भारतीय मानक झाली. इस्कीत पहिले १२८ क्रमांक इंग्रजीचे, देवनागरी त्याच्या वर. ‘न’ १९८ वर. एवढा आकडा लिहायला आठ बिट लागतात. मी काही सांगितलं नाही, म्हणून डॉसने सातच बिट धरले. १९८ मधून १२८ गेले, उरले ७०, म्हणजे एफ. इंग्रजीला आठवा बिट लागतच नाही, त्यामुळे तिचं काही बिघडलं नाही. चूक माझीच, पण सात बिट पुरतात हे गृहीत कोणी धरलं होतं ते बघा.

याच अडचणीवर १९८१ मध्ये कोलंबिया विद्यापीठात ‘करमिट’ तयार झालं (हो, टीव्हीवरच्या बेडकाचं नाव). तिथे विद्यार्थ्यांच्या फाइल मोठ्या कॉम्प्युटरवर मावेनात, म्हणून त्या छोट्या मशीनवर न्यायच्या होत्या. करमिट फाइलचे छोटे तुकडे करतं, प्रत्येकाची बेरीज तपासतं, चुकलं तर पुन्हा मागतं. लाइन सात बिटांची असेल तर आठव्या बिटाच्या अक्षराआधी ‘&’ लावून पाठवतं. आपल्याकडेही एर्नेटच्या सुरुवातीला, १९८६-८७ च्या सुमारास, जुहूचं एनसीएसटी आणि पवईचं आयआयटी साध्या फोनलाइनवरून यूयूसीपीने ईमेल पाठवत. तिथेही खरखर होतीच.

मग आठ बिट, करमिट. सेकंदाला ९६० बाइट धरले तरी दोन एमबीला ३६ मिनिटं, प्रत्यक्षात तासभर गेला. मामी दोनदा चहा घेऊन वर आली, “झालं काय रे?” म्हणून. इस्कीचं युनिकोड करायला फार त्रास नाही, कारण युनिकोडमधली देवनागरी इस्कीच्याच आधीच्या आवृत्तीवर बेतलेली आहे.

फाइल उघडली. विहिरीजवळच्या तिसऱ्या माडापुढे मामाने एकच शब्द लिहिलाय: ‘उंदीर’.