सिल्वासातील जन्म आणि आईवडिलांकडून लाभणारे नागरिकत्व

अपत्याला नागरिकत्व मिळण्याचे मुख्य मार्ग दोन : जन्मभूमी आणि आईवडील. दादरा व नगर हवेलीत ही जन्मभूमीच एके काळी पोर्तुगालच्या ताब्यात होती. त्यामुळे सिल्वासातील एकाच घरातील आजोबा, वडील आणि नातू यांचे नागरिकत्व तीन निरनिराळ्या तरतुदींवर आधारलेले असू शकते.

1962 चा आदेश

जुलै 1954 मध्ये दादरा आणि 2 ऑगस्ट 1954 रोजी सिल्वासा पोर्तुगीज अंमलातून मुक्त झाले. त्यानंतर सुमारे सात वर्षे वरिष्ठ पंचायतीने कारभार पाहिला. दहाव्या घटनादुरुस्तीने 11 ऑगस्ट 1961 पासून हा प्रदेश भारतीय संघराज्याचा भाग झाला. नवा प्रदेश सामील झाल्यास तेथील कोणत्या व्यक्ती नागरिक ठरतील, हे आदेशाद्वारे सांगण्याचा अधिकार 1955 च्या नागरिकत्व कायद्याचे कलम 7 केंद्र सरकारला देते. त्यानुसार 1962 मध्ये दादरा व नगर हवेली नागरिकत्व आदेश निघाला. 11 ऑगस्ट 1961 पूर्वी या प्रदेशात जी व्यक्ती स्वतः जन्मली, किंवा जिच्या आईवडिलांपैकी अथवा आजी-आजोबांपैकी कोणीही जन्मले, ती त्या दिवसापासून भारताची नागरिक मानली गेली. गोवा, दमण व दीवसाठी अशाच स्वतंत्र आदेशात 20 डिसेंबर 1961 ही तारीख आहे. दोन्ही तारखांची गल्लत होऊ देऊ नये.

विलीनीकरणानंतरचे जन्म

त्यानंतर सिल्वासात जन्मलेल्या अपत्याला देशभर लागू असलेले कलम 3 लागू होते. परकीय राजनैतिक अधिकाऱ्यांच्या अपत्यांसारखे मोजके अपवाद वगळता नियम असे :

• 1 जुलै 1987 पूर्वी जन्म : आईवडिलांचे नागरिकत्व कोणतेही असले तरी अपत्य भारतीय.

• 1 जुलै 1987 ते 2 डिसेंबर 2004 : जन्माच्या वेळी आई किंवा वडील भारतीय नागरिक असणे आवश्यक.

• 3 डिसेंबर 2004 पासून : दोघेही भारतीय नागरिक हवेत, किंवा एक भारतीय नागरिक आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला हवा.

परदेशातील जन्म

परदेशात जन्मलेल्या अपत्यासाठी कलम 4 आहे. 10 डिसेंबर 1992 पूर्वी केवळ वडिलांच्या नागरिकत्वाचा विचार होत असे. त्या दिवसापासून आईचाही हक्क मान्य झाला. 3 डिसेंबर 2004 पासून जन्माची नोंद एका वर्षाच्या आत भारतीय दूतावासात करावी लागते. विलंब झाल्यास केंद्र सरकारची परवानगी लागते. अपत्याकडे अन्य देशाचे पारपत्र नाही, असे आईवडिलांनी लिहून द्यावे लागते.

पोर्तुगीज नोंदणीचा प्रश्न

31 डिसेंबर 1974 च्या करारान्वये पोर्तुगालने या प्रदेशांवरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. तरीही पूर्वी तेथे जन्मलेल्यांना व त्यांच्या वंशजांना पोर्तुगीज नागरिकत्वाची वाट त्या देशाच्या कायद्याने खुली राहिली. भारतात मात्र दुहेरी नागरिकत्व नाही. स्वेच्छेने परकीय नागरिकत्व स्वीकारणाऱ्याचे भारतीय नागरिकत्व कलम 9 नुसार आपोआप संपुष्टात येते.

याचा परिणाम पुढील पिढीवर होतो. आई व वडील दोघांनीही भारतीय नागरिकत्व गमावल्यानंतर जन्मलेले अपत्य, जन्म सिल्वासात झाला तरी, जन्माने भारतीय ठरत नाही. कलम 8 नुसार रीतसर घोषणा करून नागरिकत्वाचा त्याग केल्यास त्या व्यक्तीच्या अल्पवयीन अपत्यांचेही नागरिकत्व जाते. परंतु सज्ञान झाल्यापासून एका वर्षात घोषणा करून ते परत मिळवता येते. आईवडिलांचे नागरिकत्व कलम 9 नुसार संपुष्टात आले असल्यास अपत्याला ही सवलत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2024 मध्ये स्पष्ट केले. म्हणजे परकीय पारपत्र आधी आणि त्यागाची घोषणा नंतर, असा क्रम झाल्यास मुलांची परतीची वाट बंद होऊ शकते.

कोणती कागदपत्रे जपावीत

अपत्याच्या जन्मदाखल्यासोबत आईवडिलांचे जन्मदाखले आणि त्या काळातील पारपत्रे जपावीत. 1961 पूर्वीच्या पिढीचा आधार घ्यावयाचा असल्यास आजी-आजोबांच्या जन्माची जुनी नोंद आणि त्यांच्याशी नाते दाखवणारा कागद लागतो. पोर्तुगीज नोंदीतील नावाचे लेखन आजच्या कागदपत्रांशी जुळत नसल्यास ही तफावत वेळीच दूर करून घ्यावी. 1987 नंतरच्या प्रत्येक जन्माच्या बाबतीत एकच प्रश्न निर्णायक ठरतो : अपत्य जन्मले त्या दिवशी आईवडील कोणत्या देशाचे नागरिक होते?