गाळलेला अननस

पोर्तो रिकोतल्या एका कथेचा अनुवाद करत होते. कथेतली बाई सान हुआनमधल्या एका मोठ्या हॉटेलात खोल्या झाडते-पुसते आणि पाहुण्यांनी अर्धवट सोडलेले पीन्या कोलादाचे ग्लास गोळा करते. त्या शब्दाला मी तळटीप दिली होती : ‘अननस, नारळाचं दाट दूध, रम आणि बर्फ एकत्र फिरवून केलेलं पेय.’ टीप चुकीची नव्हती. पण आपण कधी न केलेल्या गोष्टीची कृती वाचकाला सांगायची, हे मनाला पटेना. म्हणून एका रविवारी घरीच करून पाहिलं.

त्या आठवड्यात मावशी सावंतवाडीहून आलेली होती. ती घेत नाही, पण कुणी घेतलं तर नाकही मुरडत नाही. मिक्सर थांबला तेव्हा तिनं विचारलं, “नावाचा अर्थ काय गं याच्या?”

म्हटलं, “गाळलेला अननस.”

तिनं भांड्यात डोकावून पाहिलं. “मग गाळलास कुठे?”

तुलनात्मक साहित्यात एम.ए. केल्यापासून व्युत्पत्त्या सांगून लोकांना पिडणं हा माझा छंद आहे. पण हा साधा प्रश्न मला पडला नव्हता.

‘पीन्या’ म्हणजे मुळात पाइनच्या झाडाचं खवलेदार बोंड. १४९३च्या नोव्हेंबरात, कोलंबसाच्या दुसऱ्या सफरीत, ग्वादलूप बेटावर स्पॅनिश लोकांनी अननस पाहिला. तो त्यांना त्या बोंडासारखा दिसला आणि तेच नाव त्याला चिकटलं. पोर्तुगीजांनी मात्र दक्षिण अमेरिकेतल्या तुपी लोकांचा शब्द उचलला आणि फळासोबत तो आपल्या किनाऱ्यावर आणला. मराठीतला ‘अननस’, बंगालीतला ‘आनारस’, तमिळमधला ‘अन्नासि’ ही सगळी त्याच शब्दाची नातवंडं.

‘कोलादा’ हे ‘कोलार’ म्हणजे गाळणे या क्रियापदाचं रूप. क्युबा आणि पोर्तो रिकोत अननसाचा थंड रस विकला जाई, गिऱ्हाइकाला हवा तसा, गाळलेला किंवा न गाळलेला. त्यात साखर, बर्फ, कधी रम. नारळ नव्हता. म्हणजे आज ज्या पेयाला हे नाव आहे, ते त्या नावाचं मूळ मालक नाही.

नारळही त्या बेटांचा नव्हे. कॅरिबियन किनाऱ्यावरचे माड हे हिंदी महासागराच्या काठच्या माडांचे वंशज. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी नारळ आफ्रिकेच्या पश्चिमेकडच्या केप व्हर्दे बेटांवर नेले आणि तिथून ते अटलांटिकपलीकडे गेले. उसाचीही तीच गत. अननस पाहिला त्याच सफरीत कोलंबसानं कॅनरी बेटांवरून उसाची कांडी नेली होती. संस्कृत ‘शर्करा’चा अरबीत ‘सुक्कर’ आणि स्पॅनिशमध्ये ‘आसुकार’ होईपर्यंत ऊस पश्चिमेकडे बराच सरकला होता. अननस तिकडून आपल्याकडे आला, नारळ आणि ऊस इकडून तिकडे गेले. मावशीच्या परसात माडाखाली अननस लागतात. तिला यात नवल वाटलं नाही. “दोन्ही एकाच मातीत येतात,” ती म्हणाली.

रमचा प्रवास मात्र इतका निर्मळ नाही. उसाच्या रसाची साखर झाल्यावर उरते ती मळी. मळी आंबवून, ऊर्ध्वपातन करून रम होते. कॅरिबियन बेटांवर हा सगळा उद्योग आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या श्रमावर उभा राहिला. पोर्तो रिकोत गुलामगिरी संपली ती १८७३ मध्ये. १८९८च्या युद्धानंतर ते बेट स्पेनकडून अमेरिकेकडे गेलं. ऊसतोडीचे कोयते तेच राहिले, साखर कुणाच्या खात्यावर जमा होणार ते बदललं.

आजचं पेय कुणी शोधलं, यावर सान हुआनमध्ये भांडण आहे. कारिबे हिल्टन हॉटेलचं म्हणणं, १९५४ मध्ये आपल्या रामोन मारेरो या बारटेंडरनं. जुन्या शहरातल्या बाराचीना या उपाहारगृहानं तर भिंतीवर पाटीच लावली आहे की, १९६३ मध्ये इथे रामोन पोर्तास मिंगोत यांनी. त्याआधीच, १९५० मध्ये, न्यूयॉर्क टाइम्समध्ये रम, अननस आणि नारळाच्या दुधाच्या क्युबन पीन्या कोलादाचा उल्लेख येऊन गेला होता.

पहिला कोण, हे सोडून देऊ. त्या वर्षांत पोर्तो रिकोत काय जुळून आलं, ते अधिक बोलकं आहे. कारिबे हिल्टन १९४९च्या अखेरीस उघडलं. ते बांधलं तिथल्या सरकारच्या औद्योगिक विकास कंपनीनं आणि चालवायला दिलं हिल्टनला. रामोन लोपेस इरिसारी या कृषीच्या प्राध्यापकांनी सरकारी मदतीवर नारळाची गोड, घट्ट साय तयार केली. ‘कोको लोपेस’ या नावानं ती डब्यातून विकली जाऊ लागली. आणि अमेरिकेतून विजेचा ब्लेंडर आला. फ्रेड वेअरिंग या वाद्यवृंदप्रमुखाच्या नावाचा ब्लेंडर १९३७ पासून बाजारात होता. डबा फोडायचा, बर्फ टाकायचा, बटण दाबायचं. नारळ खवणं, वाटणं, पिळणं सुटलं. अननस गाळणंही सुटलं. नाव तेवढं राहिलं.

त्याच १९५०च्या दशकात चार लाखांहून अधिक माणसं बेट सोडून अमेरिकेच्या मुख्य भूमीवर, बहुतेक न्यूयॉर्कला, कामाच्या शोधात गेली. पाहुणे विमानानं येत होते आणि बेटावरची माणसं विमानानं जात होती. १९७८ मध्ये पीन्या कोलादा पोर्तो रिकोचं राष्ट्रीय पेय म्हणून जाहीर झालं. बेट मात्र आजही अमेरिकेच्या ताब्यातला प्रदेश आहे. तिथली माणसं अमेरिकेची नागरिक आहेत, पण बेटावर राहून त्यांना अध्यक्षपदासाठी मत देता येत नाही.

माझा पहिला प्रयत्न फसला होता, हे सांगायला हवं. डबा नव्हता, म्हणून नारळाचं दूध घरीच काढून थेट बर्फाबरोबर फिरवलं. वर पांढरे तेलकट कण तरंगले. नारळाचं तेल चोवीस अंशांच्या खाली थिजतं. आपल्याकडे थंडीत बाटलीत गोठतं तसंच. डब्यातल्या सायीत साखर आणि मिश्रण फुटू न देणारे पदार्थ असतात, ते उगीच नव्हेत. शिवाय बर्फ वितळून सगळं पाणचट झालं.

दुसऱ्यांदा मावशीनं सूत्रं हाती घेतली. पिकल्या अननसाच्या फोडी रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवल्या आणि बर्फाला रजा दिली. तिनं नारळ खवला, कोमट पाण्यात वाटला आणि पंचातून पिळला. फक्त पहिलं, दाट दूध घेतलं. दोन ग्लासांसाठी अर्धी वाटी दूध, चार चमचे साखर आणि थोडा अननसाचा ताजा रस आधी फिरवून एकजीव केला. हा रसही तिनं गाळून घेतला. मग दोन वाट्या गोठलेल्या फोडी थोड्या थोड्या टाकत, मिक्सर थांबवत-थांबवत फिरवल्या, अर्धं लिंबू पिळलं. तिचा ग्लास भरून झाल्यावर माझ्या वाट्यात पन्नास मिलिलिटर पांढरी रम घातली. जास्त घातली की पेय गोठल्यासारखं राहत नाही, पातळ होतं. चमच्यानं खावं इतकं घट्ट झालं होतं.

“आता नावाला जागलं,” मावशी म्हणाली. पंचातला चोथा तिनं टाकू दिला नाही. दुसऱ्या दिवशी तो फरसबीच्या भाजीत आला.

चोथा निवडत असताना मला कथेतली ती बाई आठवत होती. लेखिकेनं तिला ग्लास गोळा करायला लावलं आहे. एक घोटही प्यायला दिलेला नाही. माझी टीप पाहुण्यांच्या बाजूनं लिहिली होती, ग्लासात काय आहे तेवढं सांगणारी. संपादकांना पत्र पाठवून ती बदलून घेतली. आता ती अशी आहे : ‘पीन्या कोलादा : शब्दशः, गाळलेला अननस. रम, अननस आणि नारळाचं पेय. आता यात काही गाळत नाहीत. पूर्वी ते काम हातानं करत.’