स्टेंटचं थोरलं घर

परभणी, जिंतूर, गंगाखेडकडे कुणाला ‘स्टेंट टाकला’ म्हटलं, की ऐकणाऱ्याचा हात आपसूक छातीवर जातो. वंशावळ पाहिली तर मात्र हृदयाचा स्टेंट धाकटा निघतो. माणसाच्या हृदयधमनीत पहिला स्टेंट बसला तो १९८६ साली, फ्रान्समधल्या तुलूझला. त्याआधी सात वर्षं, १९७९ मध्ये, मूळचे इंडोनेशियाचे डॉ. निब सोहेंद्रा यांनी हॅम्बुर्गमध्ये दुर्बिणीतून पित्तनलिकेत प्लास्टिकची नळी सरकवली आणि अडलेलं पित्त आतड्यात उतरवलं.

या कुळाचा मूळपुरुष माझ्या मते एक दंतवैद्य आहे. दातांचे साचे तेव्हा गटापर्चाने, म्हणजे मलायातल्या झाडांच्या चिकाने घेत. त्याचा आकार टिकत नसे. लंडनच्या चार्ल्स स्टेंट यांनी १८५६च्या सुमारास त्यात स्टिअरिन मिसळून तो लगदा सुधारला. पहिल्या महायुद्धात डच सर्जन योहानेस एसर यांनी तोच लगदा जखमेत दाबून रोपलेली कातडी जागेवर धरली. पुढे १९५४ मध्ये मेयो क्लिनिकच्या रिमाइन आणि ग्रिंडले यांनी कुत्र्यांच्या पित्तनलिकेत पॉलिथीनची नळी बसवली आणि तिला स्टेंट म्हटलं.

दुसरा पक्ष म्हणतो, दंतवैद्याचा काय संबंध? स्कॉटलंडमध्ये नदीत आडव्या ताणलेल्या मासेमारीच्या जाळ्याला स्टेंट म्हणतात, शब्द तिथूनच आला. मला हे पटत नाही. जाळं वाट अडवतं, आपली नळी वाट मोकळी करते. शिवाय जाळ्यापासून दवाखान्यापर्यंतचा एकही दुवा कुणी दाखवत नाही. दंतवैद्याकडून युद्धातल्या सर्जनकडे आणि तिथून पित्तनलिकेकडे मात्र पायवाट स्पष्ट दिसते. भरीव साच्याची पोकळ नळी कशी झाली? दोघांचं काम एकच म्हणून: जखम भरेपर्यंत आकार धरून ठेवणं.

आज ही नळी पित्तनलिकेच्या कॅन्सरमध्ये फार मोलाची आहे. गाठ लवकर सापडली तर ती शस्त्रक्रियेने काढणं हाच बरं होण्याचा खरा मार्ग. ते शक्य नसेल तेव्हा ईआरसीपी करून, म्हणजे दुर्बिणीतून पित्तनलिकेपर्यंत पोहोचून, स्टेंट टाकतात. प्लास्टिकचा स्टेंट जेमतेम तीन मिलिमीटर रुंद. गाळ साचून तो तुंबतो, म्हणून साधारण तीन महिन्यांनी बदलावा लागतो. धातूचा आत गेल्यावर दहा मिलिमीटरपर्यंत उघडतो आणि जास्त टिकतो. स्टेंट गाठ विरघळवत नाही. पण अडलेलं पित्त वाहून कावीळ उतरली की केमोथेरपी झेपते. जेमसिटाबिन आणि सिस्प्लॅटिन ही जोडी २०१०च्या चाचणीनंतर रूढ झाली. २०२२ पासून तिच्या जोडीला ड्युरव्हॅलुमॅब हे प्रतिकारशक्तीला बळ देणारं औषधही आलं.

एवढी वाट खुली असताना आपल्याकडे पहिले आठवडे जातात ते कावीळ उतरवून घेण्यात: गळ्यात माळ, नाकात थेंब, महिनाभर पथ्य. विषाणूची कावीळ बहुधा आपोआप ओसरते आणि श्रेय माळेला मिळतं. नळी तुंबल्याची कावीळ ओसरत नाही, वाढतच जाते. म्हणून उतारवयात पोट न दुखता डोळे पिवळे झाले, अंगाला खाज सुटली, लघवी गडद आणि विष्ठा पांढुरकी होऊ लागली, तर त्याच आठवड्यात रक्तातलं बिलिरुबिन तपासा आणि पोटाची सोनोग्राफी करा. गाठ काढता येण्याची शक्यता जास्त असते ती याच आठवड्यांत.