रुपेरी रंगाखाली

मोटारींच्या शर्यती हा कामगार चळवळीतल्या माणसाने बोलण्याचा विषय नव्हे, असे एका स्नेह्याने आम्हांस सुचविले. आम्हांला मात्र तो आमचाच विषय वाटतो. गाडी हाकणारा एक असतो, ती घडविणारे शेकडो असतात. जर्मन शर्यतीच्या मोटारींचा इतिहास तर असा आहे, की तो नुसत्या चालकांच्या नावांनी सांगू गेल्यास निम्मा खोटा होतो.

या इतिहासातील सर्वांत लाडकी गोष्ट आधी सांगतो. जून १९३४. नुर्बुर्गरिंगवर आयफेलची शर्यत. नव्या नियमाप्रमाणे गाडीचे वजन ७५० किलोच्या वर असता कामा नये. मर्सिडीझ-बेंझची गाडी तराजूवर एक किलो जास्त भरली. तेव्हा पथकाचे व्यवस्थापक आल्फ्रेड नॉयबाउअर यांनी रातोरात तिचा पांढरा रंग खरवडून काढविला, खालचा ॲल्युमिनियमचा पत्रा उघडा पडला, आणि दुसऱ्या दिवशी मानफ्रेड फोन ब्राउखिच यांनी ती चकाकती गाडी पहिली आणली. तेव्हापासून जर्मन गाड्यांना 'रुपेरी बाण' म्हणू लागले.

गोष्ट सुरेख आहे, पण ती खरी असण्याचा संभव थोडा. ती शर्यत वजनाच्या नियमाखाली झालीच नव्हती, असे पुढच्या संशोधकांनी दाखविले आहे. शिवाय याच ब्राउखिच यांची उघड्या ॲल्युमिनियमची गाडी बर्लिनकरांनी आव्हुसच्या रस्त्यावर १९३२ मध्येच पाहिली होती. आमचे लक्ष जाते ते दुसरीकडे. गोष्ट घडलेली असो वा रचलेली, तीत व्यवस्थापकाला नाव आहे, चालकाला नाव आहे. रात्रभर रंग खरवडीत बसलेले मात्र नुसते 'मेकॅनिक'!

तो रस्ताही पाहा. आयफेलच्या डोंगरात, गरीब मुलखात, बेकारांच्या हातांना काम मिळावे म्हणून १९२५ मध्ये तो बांधावयास घेतला. आपल्याकडे दुष्काळी कामावर खडी फोडलेल्या माणसाला हे निराळे सांगावयास नको. १९२७ मध्ये तेथे पहिली शर्यत झाली व रुडोल्फ कारात्सिओला जिंकले.

आता दोन तारखा. ११ फेब्रुवारी १९३३ रोजी, सत्तेवर येऊन दोन आठवडे होतात न होतात तोच, हिटलरने बर्लिनच्या मोटार-प्रदर्शनात मोटारधंद्याला सवलती व शर्यतींना उत्तेजन देण्याची घोषणा केली. २ मे १९३३ रोजी, म्हणजे कामगारदिनाच्या दुसऱ्याच दिवशी, त्याच्या टोळ्यांनी देशभरच्या कामगार संघटनांच्या कचेऱ्या ताब्यात घेतल्या आणि पुढाऱ्यांना अटक केली. दोहोंत तीन महिन्यांचेही अंतर नाही. सरकारी पैसा मर्सिडीझ आणि आउटो युनिअन या दोन कंपन्यांत वाटला गेला. ज्या कारखान्यांत तो पोचला, तेथे मजुरीसाठी भांडणारी संघटना आता उरली नव्हती.

आउटो युनिअनची गाडी मोठी धाडसाची होती. सोळा सिलिंडरांचे इंजिन चालकाच्या पाठीमागे! त्या काळी इंजिन पुढे असावयाचे; आज ग्रां प्रीची प्रत्येक गाडी मागे इंजिन घेऊन धावते. हा आराखडा फेर्डिनांड पोर्शे यांच्या श्टुटगार्टमधील कचेरीतून निघाला. ती कचेरी १९३१ मध्ये तिघांच्या भागीदारीत उघडली होती: पोर्शे, त्यांचे जावई आंटोन पीएख, आणि आडोल्फ रोझेनबेर्गर. पहिली दोन नावे सर्वत्र आढळतात. तिसऱ्यापाशी आपण जरा थांबू.

रोझेनबेर्गर हे स्वतः नामांकित शर्यतपटू. मागे इंजिन असलेली बेंझची गाडी त्यांनी विसाच्या दशकात शर्यतींत चालविली होती, तेव्हा तशी गाडी वळणावर कशी वागते हे ते हातांनी जाणत होते. नव्या कचेरीत त्यांनी पैसा घातला, व्यवहार सांभाळला. परंतु ते ज्यू होते. १९३३ च्या आरंभी त्यांनी व्यवस्थापकपद सोडले. १९३५ मध्ये त्यांचा हिस्सा केवळ दर्शनी किमतीला दुसऱ्यांकडे गेला, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांना अटक होऊन किस्लाउच्या छळछावणीत पाठविण्यात आले. काही दिवसांनी सुटका झाली. पुढे ते फ्रान्समार्गे अमेरिकेस गेले. इकडे १९३६ मध्ये बेर्न्ट रोझेमायर यांनी त्या सोळा सिलिंडरी गाडीवर युरोपचे अजिंक्यपद मिळविले. हे रोझेमायर २८ जानेवारी १९३८ रोजी वेगाचा उच्चांक करू पाहताना हमरस्त्यावर मरण पावले. त्याच सकाळी कारात्सिओला यांनी ताशी ४३२ किलोमीटरांच्या वर वेग गाठला होता.

युद्धात शर्यती बंद पडल्या, कारखाने थांबले नाहीत. झ्विकाउ येथे जेथे आउटो युनिअनच्या शर्यतीच्या गाड्या घडत, तेथेच १९४४ मध्ये फ्लोसेनबुर्ग छळछावणीची उपछावणी उभी राहिली. त्या वर्षी डाइमलर-बेंझकडे ६३,६१० माणसे कामाला होती, त्यांतील जवळजवळ निम्मी सक्तीचे मजूर, युद्धकैदी वा छावणीतील बंदी. हा आकडा कोणा विरोधकाचा नव्हे, कंपनीने स्वतःच्या इतिहासात दिलेला आहे.

१९५४ मध्ये मर्सिडीझ ग्रां प्रीत परतली आणि रँसला फांजिओ यांनी पहिल्याच शर्यतीत बाजी मारली. (त्याच वर्षी टेल्कोशी करार होऊन तो तीन टोकांचा तारा जमशेदपूरच्या मालट्रकांवर आला व आपले घाट चढू लागला.) पुढच्याच वर्षी ल मां येथे तिची एक गाडी प्रेक्षकांत घुसून ऐंशीहून अधिक माणसे दगावली, आणि वर्षअखेर कंपनीने शर्यत सोडली.

पोर्शे मंडळींनी १९४८ मध्ये पुन्हा सुरुवात केली ती ऑस्ट्रियात, ग्म्युंड गावच्या एका जुन्या लाकूड-गिरणीच्या आवारात. तेथे लाकडी साच्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा हातोडीने ठोकून गाडीचे अंग घडविले जाई. पत्रा ठोकणाऱ्या कारागिराचे नाव या वेळी टिकले आहे: फ्रीडरिश वेबर. आम्हांला ते वाचून फार बरे वाटले. पन्नासच्या आसपास गाड्या तेथे झाल्या. मग धंदा श्टुटगार्टला गेला, तरी १९५१ मध्ये ल मां येथे उतरली ती ग्म्युंडची हातठोक गाडीच. चालविणारे दोघे फ्रेंच होते, आणि ११०० सीसीच्या वर्गात ती पहिली आली.

त्याच्या आदल्या वर्षी, १९५० मध्ये, रोझेनबेर्गर यांच्या दाव्याची तडजोड झाली. त्यांना भागीदारीत परत यावयाचे होते. मिळाले ५०,००० मार्क आणि एक मोटार. १९६७ मध्ये ते अमेरिकेत वारले. तेथे त्यांचे नाव ॲलन रॉबर्ट असे होते.